चीफचे तीन ठोके

मी चुकीच्या बसमध्ये बसलो.

चीफच्या अंत्ययात्रेची बस त्यांच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, डाव्या अंगाला उभी होती आणि मी उजव्या अंगाच्या बसमध्ये चढलो. शेजारच्या ब्लॉकमधल्या एका चिनी आजींची अंत्ययात्राही त्याच सकाळी होती. दोन्ही बस पांढऱ्या, दोन्हींतली माणसं पांढऱ्या कपड्यांतली, दोन्हींतला एसी सारखाच बोचरा. माझ्या एका हातात चीफनी लिहिलेल्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाची पानं, दुसऱ्या हातात त्यांची काठी, नाकावर वाचायचा चष्मा. ओठातल्या ओठात वाक्यं घोकत मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. कुणीतरी पाण्याची बाटली दिली, ती घेतली. क्रेमॅटोरियमपाशी उतरल्यावर कुणीतरी “अंकल, धिस वे” म्हणालं, तसा गेलो. सिंगापुरात माझ्या वयाच्या माणसाला दिवसभर कुणी ना कुणी “अंकल, धिस वे” म्हणत असतं आणि आपण जात असतो. हॉलमध्ये शांतता झाली तेव्हा मी पुढे झालो, काठी जमिनीवर तीनदा ठोकली आणि वाचायला सुरुवात केली.

वाचायच्या चष्म्यातून लांबची माणसं ढगासारखी दिसतात. त्या पांढऱ्या ढगानं माझं मराठीतलं अख्खं पहिलं पान अतिशय आदरानं ऐकून घेतलं. दुसऱ्या पानावर ‘मी रंगमंचावर रोज मेले तेव्हा टाळ्या दिल्यात, आज खरी मेले तर हातभर माती देत नाही’ हे वाक्य होतं. तिथे मान वर करून समोर बघायचं असं मीच ठरवलं होतं. मी चष्मा काढला, मान वर केली... आणि समोरच्या फोटोतून एक गोड चिनी आजी माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांचा मुलगा पुढे आला. माझे दोन्ही हात हातात घेऊन त्यानं विचारलं, “तुम्ही आईच्या ओळखीचे?” आता यावर काय सांगणार? मी हो म्हणालो. त्यानं डोळे पुसले, मला त्यांच्या रीतीप्रमाणे एक गोड गोळी आणि लाल दोरा दिला, आणि मी काठी बगलेत मारून कॉरिडॉरमधून पळत सुटलो.

चीफच्या हॉलशी पोचलो तेव्हा आतून मंत्र ऐकू येत होते.

इथे थांबून आधी चीफ कोण ते सांगायला हवं. अनंत पेडणेकर, मर्चंट नेव्हीतले निवृत्त चीफ इंजिनियर. सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना नुसतं ‘चीफ’ म्हणत. त्यांच्या बायकोला, नलिनीवहिनींना, मात्र कुणी मिसेस चीफ म्हणायची हिंमत केली नाही. सेम्बावांगला राहायचे, कारण तिथल्या गोदीत त्यांची निम्मी जहाजं कधी ना कधी दुरुस्तीला येऊन पडलेली. मी वुडलँड्सचा, म्हणजे शेजारचाच. आयटीतला. पुण्याहून आलो तेव्हा ‘दोन वर्षं बघू’ म्हणून आलो आणि अजून बघतोच आहे.

चीफना अठराव्या शतकातल्या युरोपचं वेड होतं. वेड लागलं ते जहाजामुळेच. फ्रान्सच्या एका बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीला अडकलं, हातात वेळच वेळ, म्हणून ते एका जुन्या नाट्यगृहात जाऊन बसले. भाषा एका अक्षराची येत नव्हती. दिवे मंद झाले आणि पडद्यामागून कुणीतरी काठीनं फळ्यांवर तीन ठोके दिले. ठक... ठक... ठक. “अरे, आपली तिसरी घंटा,” चीफ सांगायचे, “पण आपली घंटा कानात वाजते. ते ठोके पायातून वर आले. इंजिनरूममध्ये मुख्य इंजिन पहिल्यांदा उचल खातं ना, तसे.” मग त्यांनी वाचायला घेतलं. जहाजावर माणूस एक तर दारू पितो नाही तर वाचतो. चीफ दोन्ही करत, त्यामुळे वाचन पुष्कळ झालं.

मला हे सगळं सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कळलं. शनिवारी सकाळी एका ठरलेल्या टेबलाशी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, ग्लास घेऊन ते बसत आणि त्या टेबलाला ‘आमचं कॉफीहाऊस’ म्हणत. लंडन-पॅरिसमध्ये त्या काळी लोक म्हणे कॉफी पिता पिता राजाला आणि धर्मगुरूला प्रश्न विचारायला लागले. “दारूनं क्रांती होत नाही,” चीफ म्हणत, “झोप येते. कॉफी प्यायला लागल्यावर युरोप जागा झाला.” मी टी हलिया, म्हणजे आल्याचा चहा, पीत असे. त्याबद्दल मला अंधारयुगातला म्हटलं जाई.

त्यांचा बुद्धिवाद पुस्तकातून आलेला वाटायचा नाही, पान्यातून आलेला वाटायचा. पंप बंद पडला तर पंपाची पूजा करून चालत नाही, झाकण उघडून आत बघावं लागतं, आणि झाकण उघडणाऱ्याला ‘उघडू नकोस’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आत काय सडलंय ते जाणून असतो. एवढाच त्यांचा सिद्धांत. त्या काळच्या लेखकांनी झाकणं नाटकातून उघडली हे त्यांना फार आवडायचं. सरळ बोललं तर तुरुंग, म्हणून गोष्ट दूरच्या देशात नेऊन टाकायची. राजा दुसरा, देव दुसरा, पोशाख दुसरे... आणि पॅरिसमधला प्रेक्षक मात्र बरोबर ओळखायचा की हे आपल्याच घरातलं चाललंय. सेन्सॉर तेवढा ओळखायचा नाही, किंवा ओळखून गप्प बसायचा. “सेन्सॉरलाही नाटक बघायचं असायचं रे,” चीफ हसत.

मंडळाच्या नाटकांत मी त्यांच्या हाताखाली पडेल ते काम केलं आणि पडेल ते पाडलं. एकदा त्यांना रंगमंचावर मेणबत्त्यांचा उजेड हवा होता, त्या काळासारखा. खरी ज्योत हॉलवाले लावू देत नाहीत. तेव्हा मी लिटल इंडियातल्या एका चोवीस तास उघड्या दुकानातून बॅटरीच्या मेणबत्त्या आणल्या. प्रयोगात नायिका विष पिऊन कोसळली, त्या धक्क्यानं टेबल हललं आणि सगळ्या मेणबत्त्या एका सुरात वाढदिवसाची धून वाजवायला लागल्या. मेलेली नायिका हसून हसून पुन्हा मेली. मला वाटलं चीफ मला समुद्रात फेकतील. ते विंगेत भिंतीला टेकून रडेपर्यंत हसत होते. “तू एकटा पुरेसा आहेस,” ते म्हणाले, “आपल्याला वेगळा विनोदी नट नको.”

दुसऱ्यांदा मी खराखुरा नट म्हणून उभा राहिलो आणि दुःखाच्या प्रसंगात मला खरंच रडू आलं. आलं ते आलं, पुढची चार वाक्यं घेऊन गेलं. त्यावर चीफनी कॉफीहाऊसमध्ये माझी शिकवणी घेतली. त्या काळी पॅरिसमध्ये मोठा वाद होता म्हणे, नटानं स्वतः रडावं की कोरड्या डोळ्यांनी दुसऱ्याला रडवावं. चीफ कोरड्या डोळ्यांच्या बाजूचे. “इंजिनरूममध्ये आग लागली तर चीफनं पेटून उठायचं नसतं. आग लोखंडाला लागते, डोकं गारच ठेवायचं. रंगमंचावर तेच. जो नट पेटतो, तो वाक्यं विसरतो.” हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता आमचे अध्यक्ष. मंडळाचे अध्यक्ष हे हुद्दा म्हणून बदलतात, पण माणूस म्हणून तेच राहतात असं आमच्याकडे आहे. वाईट माणूस नाही. कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांच्याकडून येतो. फक्त त्यांना रंगमंचावर बसायला आवडतं. कुठलाही कार्यक्रम असो, पडद्यापुढे एक सोफा, एक टीपॉय, त्यावर पाण्याचा ग्लास, आणि सोफ्यावर अध्यक्ष. चीफ म्हणायचे, “पॅरिसमध्ये श्रीमंत लोकांच्या खुर्च्या रंगमंचावरच असायच्या. नट मरायला जागा शोधत फिरायचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी त्या खुर्च्या उचलल्या. आपल्याकडे अजून सोफा आहे.” अध्यक्ष यावर मोठ्यानं हसत आणि सोफ्यावरच राहत.

खरी झुंज नारळाची होती. नाटकाआधी नटराजाची पूजा आणि नारळ, ही आपली पद्धत. आमच्या हॉलच्या फरशीवर नारळ फोडायला बंदी, म्हणून अध्यक्ष तो मागच्या सामान उतरवायच्या धक्क्यावर बादलीत फोडत. चीफना पूजेचा राग नव्हता. करा, म्हणत, पण ‘माझं’ नाटक सुरू होईल ते ठोक्यांनी. “नारळ फोडून सोडलेली जहाजंही बुडताना बघितली आहेत मी.” त्यांनी एका जुन्या लाइफबोटीच्या वल्ह्याचा दांडा कापून काठी केली होती. मुठीला लाल मखमल, पितळी खिळ्यांनी ठोकलेली. ती मखमल नलिनीवहिनींच्या देवघरातल्या चौरंगावरची, जुनी झाली म्हणून काढलेली. ती वहिनींनीच दिली होती, “तुमच्या त्या ठकठकीनं हात तरी सोलवटणार नाहीत” असं म्हणून.

तालमी चीफच्या फ्लॅटवर व्हायच्या. ठोके दिले की खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटी झाडूच्या दांड्यानं आपल्या छताला ठोके देत. वर तीन, खाली तीन. नवीन कलाकार घाबरत. चीफ खूष. “प्रेक्षक आले,” म्हणायचे, “करा सुरू.” लिफ्टमध्ये भेटल्या की आंटी त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत, आणि चिनी नववर्षाला मात्र दाराशी संत्री ठेवून जायच्या. हा हिशेब मला कधी कळला नाही.

शेवटची काही वर्षं ते नाटक लिहीत होते. त्या काळातली पॅरिसमधली एक नटी. राजाच्या पैशानं चालणाऱ्या नाट्यगृहात ती काम करते, दरबार तिच्यासाठी वेडा होतो, आणि धर्मपीठानं मात्र नटनट्यांना वाळीत टाकलेलं. मरताना नटानं आपला धंदा पाप होता असं लिहून दिलं तर दफनभूमीत जागा, नाही तर नाही. ही नटी लिहून देत नाही. देव मानते, प्रार्थना मागते, पण रंगमंच पाप होता असं म्हणायला तयार होत नाही. मग पहाटे तिला गाडीत घालून कुठल्याशा पडीक जागेत पुरतात. ना दगड, ना नाव. अशा गोष्टी खरंच घडल्या होत्या आणि त्यावर तिथले विचारी लोक पेटून उठले होते. चीफच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश म्हणजे त्या गाडीतल्या नटीचं बोलणं. तीच पानं माझ्या हातात होती.

कारण आमच्या शेवटच्या भेटीत, त्याच कॉफीहाऊसमध्ये, चीफनी सगळं ठरवून टाकलं होतं. “मी गेलो की भटजी नको. तीन ठोके द्यायचे, शेवटचा प्रवेश वाचायचा, बटण दाबायचं. वाचणार तू.”

“मीच का?” 

“आवाज मोठा आहे. डोकं लागत नाही, पानं मी लिहिली आहेत.”

वहिनी शेजारी बसून टोस्ट खात होत्या. “माझ्या घरात मला काय करायचं ते मी करणार हं,” त्या म्हणाल्या.

“कर की. मी तेव्हा नसणार, मला काय त्रास?” 

“आत्ता असून कुठे होतोय,” वहिनी म्हणाल्या, आणि विषय संपला. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मेधानं, माझ्या बायकोनं, मोबाइल माझ्यापुढे धरला. मंडळाच्या ग्रुपवर चीफचा फोटो होता आणि खाली हात जोडलेली चित्रंच चित्रं. चीफना हृदयविकारानं नेलं होतं. मी सगळ्यात आधी त्या हातांवर चिडलो. ज्या माणसानं जन्मात कुणापुढे हात जोडले नाहीत, त्याच्या नावाखाली पन्नास जोडलेले हात.

तर, हॉल. आत गेलो तेव्हा अध्यक्षांचा फोन एका तिकाटण्यावर उभा होता आणि त्यात पुण्याचे एक भटजी होते. मागे त्यांच्या स्वयंपाकघरातला फ्रिज दिसत होता. ते गोत्र विचारत होते. कुणालाच माहीत नव्हतं, वहिनी काही बोलत नव्हत्या, तेव्हा अध्यक्षांनी “काश्यप” असं ठोकून दिलं. ज्याचं काही माहीत नाही त्याचं काश्यप. मी काठी घेऊन धापा टाकत उभा. नंतर कळलं की त्यांनी माझी वाट बघितली. तिथे हॉल ठरावीक वेळापुरताच मिळतो, मागचे लोक दाराशी येऊन थांबतात. माझा फोन सायलेंटवर, कारण मी गंभीर प्रसंगाला निघालो होतो. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “असं मुकाट्यानं कसं पाठवायचं? कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं,” आणि भटजी फोनवर तयार होते. अध्यक्षांकडे भटजी कायम तयार असतात. मी त्या वेळी चिनी आजींना त्यांच्या हक्काची माती मिळवून देत होतो.

मंत्र संपल्यावर अध्यक्ष दोन शब्द बोलले. म्हणाले, “चीफ वरवर काहीही म्हणोत, मनातून ते आस्तिकच होते.” लोकांनी माना डोलावल्या. बटण दाबलं गेलं.

मला राग कशाचा आला ते नीट सांगतो, कारण गेले काही आठवडे मी तो घरी, ऑफिसात आणि एमआरटी मेट्रोत अनोळखी माणसांवर काढतो आहे. मंत्रांचा नाही आला. माझ्या स्वतःच्या घरी गणपती बसतो. मला राग आला तो त्या ‘मनातून’चा. पॅरिसमध्ये त्या नटीला प्रार्थना हवी होती, ती तिला नाकारली. सिंगापुरात चीफना नको होती, ती त्यांना लादली. दोन्हीकडे मेलेल्या माणसाला विचारायची पद्धत नाही, हे झालंच. पण त्या नाकारणाऱ्या पाद्र्याला निदान ती कोण आहे हे मान्य होतं. ‘तू नटी आहेस, म्हणून नाही’ असं तो तिच्या तोंडावर म्हणाला. आमच्याकडे तेवढीही वागणूक नाही. आमच्याकडे माणूस मेला की त्याच्या मतांना प्रेमानं आंघोळ घालतात, पुसतात, आणि सगळ्यांसारखे कपडे चढवून पाठवतात. आयुष्यभर एक माणूस स्पष्ट, मोठ्या आवाजात, दोन भाषांत ‘नाही’ म्हणतो, आणि शेवटी कुणीतरी गोड हसून सांगतं की त्याला ‘हो’ म्हणायचं होतं. शिवी दिली असती तरी परवडली असती. शिवी देणारा समोरच्याचं ऐकून तरी घेतो.

दोन आठवड्यांनी मंडळाची शोकसभा झाली. हॉल तोच, नाटकांचा; सोफाही तोच. चीफच्या फोटोला हार, पुढे समई. अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा गणेशोत्सवात चीफचंच नाटक त्यांच्या स्मरणार्थ करायचं. मला भरून आलं. मग ते म्हणाले, “शेवट जरा जड आहे. तिथे एक छोटा बदल केलाय. पाद्र्याला पश्चात्ताप होतो, तो धावत येतो, तिच्यासाठी प्रार्थना म्हणतो. लोकांना घरी जाताना बरं वाटलं पाहिजे. आणि शुभारंभाचा नारळ आपण खास चीफच्या नावानं वाढवू.”

मी उठलो. मी कसा चालत गेलो ते आठवत नाही, पण सोफ्याच्या पायाला अडखळलो हे मेधा सांगते. माईक हातात घेतला आणि बोललो. खरं सांगतो, आयुष्यात इतकं चांगलं बोललो नव्हतो. पाद्र्याला पश्चात्ताप झालाच नव्हता, आणि तो झाला असं आज दाखवणं म्हणजे त्या नटीला दुसऱ्यांदा पडीक जागेत पुरणं आहे, असं म्हणालो. चीफ हाडाचे, मज्जेचे, शेवटच्या श्वासापर्यंत नास्तिक होते आणि ते तसेच आपल्याला झेपले पाहिजेत, असं म्हणालो. मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवायच्या बेतात होतं. माझं रक्त उसळत होतं, आवाज लागला होता, आता शेवट जोरदार व्हायला हवा म्हणून मी फोटोकडे वळलो आणि आयुष्यभर शोकसभांत जे ऐकलं आणि म्हटलं तेच तोंडातून गेलं: “ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो.”

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. मग सगळ्यांनीच.

जो नट पेटतो तो वाक्यं विसरतो, एवढंच चीफनी सांगितलं होतं. पेटल्यावर दुसऱ्याची वाक्यं तोंडात येतात, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मी माईक धरून उभा, आणि माझी कॉलेजातली लेक सई खालून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली, “पपा, जस्ट सिट डाउन लाह.” मी बसलो. खुर्ची जवळ नव्हती, सोफा होता. सोफ्यावरच बसलो, अध्यक्षांच्या शेजारी.

तेवढ्यात नलिनीवहिनी उठल्या. त्यांनी माईक घेतला नाही.

“मी लग्न झाल्यापासून रोज पूजा करते,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी एकदा हात जोडले नाहीत. शुक्रवारी लिटल इंडियातून माझ्या देवांची फुलं मात्र हेच आणायचे. विचारलं, विश्वास नाही तर आणता कशाला? तर म्हणाले, फुलवाल्यावर आहे, तो शिळी देत नाही. अशा माणसाशी मी आयुष्यभर भांडले. रोज. भांडून भांडून मला माझा देव नीट कळला. आता तुम्ही सांगता ते मनातून आस्तिक होते. म्हणजे मी इतकी वर्षं कुणाशी भांडत होते?”

त्या अध्यक्षांकडे वळल्या.

“त्या दिवशी मंत्र म्हटलेत, मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, माझ्यात तेव्हा त्राण नव्हतं. नारळ फोडायचा तर माझ्या घरी या, मी बादली देते. नाटक मिळणार नाही.”

“वहिनी,” अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, “तुम्ही आत्ता भावनेच्या भरात...”

“भावनेच्या भरात हे भावजी बोलले,” वहिनींनी माझ्याकडे बोट केलं, “आणि काय बोलले ते ऐकलंत. मी विचार करून बोलतेय.” आणि चीफचा फोटो हारासकट काखेत मारून त्या निघाल्या. मी मागोमाग. त्यांना त्यांच्याच गाडीत बसवलं ना याची मी दोनदा खात्री केली.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. हॉलमधल्या भिंतीशी चीफची खुर्ची होती तिथेच होती. कोपऱ्यात देवघरात निरांजन, पुढे पिवळी शेवंती. फुलं आता वहिनीच आणतात; दोन बस बदलून जातात आणि फुलवाल्याशी घासाघीस करून येतात. मी परत केलेली काठी दाराच्या मागे उभी होती. मखमल मुठीपाशी काळी पडलेली, चीफच्या पंजाएवढीच.

“पानं आणलीत?” वहिनींनी विचारलं.

“आणली.”

“मग वाचा. त्यांनी सांगितलं होतं ते अजून झालेलं नाही. आणि इथे बस नाही, घर आहे. चुकायला जागा नाही.”

त्या खुर्ची घेऊन समोर बसल्या, हात मांडीवर ठेवून. मी या वेळी लांबचा चष्मा डोक्यावर आणि जवळचा नाकावर असा पक्का बंदोबस्त केला. काठी उचलली. वजनदार आहे, वल्ह्याचं लाकूड. मी तीन ठोके दिले आणि सवयीनं थांबलो. खालून उत्तर आलं नाही. वहिनींनीही कान दिला होता, मला दिसलं. इतकी वर्षं ज्या ठोक्यांवर वैतागलो, ते आले नाहीत तर खोली केवढी रिकामी वाटावी... मी पान उघडलं, घसा खाकरला, आणि दाराची बेल वाजली.

दारात खालच्या आंटी. चपला उलटसुलट, हातात झाडू तसाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत, रिकाम्या खुर्चीकडे. वहिनी उठून दाराशी आल्या. त्या म्हणाल्या, “कम, सिट,” आणि आंटी झाडू दाराशी टेकवून आत आल्या. चीफच्या खुर्चीत बसल्या नाहीत. स्टूल ओढून घेतलं.

मी सगळी पानं वाचली. पाद्री आला नाही. कुणाला पश्चात्ताप झाला नाही. गाडी पहाटे पडीक जागेत पोचली, नटीनं आपलं बोलणं संपवलं, आणि चीफनी लिहिलं होतं तिथेच संपलं. डोळे मी कोरडे ठेवले. दोन ठिकाणी कष्टानं. निरांजनातली वात मोठी झाली होती, ती वहिनींनी उठून नीट केली आणि पुन्हा येऊन बसल्या.

आंटींना अर्थातच एक शब्द कळला नव्हता. तरी त्या शेवटपर्यंत बसल्या. निघताना त्यांनी चीफच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटलं, झाडू उचलला, आणि दारातून मागे वळून मला त्यांच्या इंग्रजीत जे सांगितलं ते मी मराठीत देतो:

“तो ठोकायचा तेव्हा कळायचं, आता काहीतरी सुरू होणार. तू ठोकलंस तर मला वाटलं, काहीतरी पडलं, लाह.”